बांधावरचा पिवळा ट्रक

पन्नाशी ओलांडल्यावर आमच्या ह्यांना रिमोटवर चालणारा ट्रक घ्यायची हुक्की आली. पोरांसाठी नाही, स्वतःसाठी. चांगला हातभर लांब, जाडजूड रबरी चाकांचा, दगडधोंड्यांवर चढणारा. रविवार आला की हे आणि ह्यांच्यासारखेच दोन-तीन रिकामटेकडे रोह्यात नदीकाठी जायचे आणि खडकांवरून ट्रक चढवत बसायचे. मी म्हणायचे, बाकीच्या बायकांचे नवरे पत्ते कुटतात, दारू पितात, ते निदान चारचौघींत सांगता तरी येतं. हे काय सांगायचं? त्यावर हे शांतपणे बॅटरी चार्जिंगला लावायचे. माणूस भांडतच नाही म्हटल्यावर मी तरी एकटी किती भांडणार.

मी स्वतः कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात आहे. टाकीत पाणी किती, पाइपात दाब किती, हे सांगणारी जी यंत्रं असतात ती नीट ठेवायची, हे माझं काम. आकडा जुळला की सही, नाही जुळला की स्क्रूड्रायव्हर. इतकी वर्षं हेच केल्यामुळे माझा स्वभावही तसाच झालाय, असं हे म्हणतात. असेल. पण त्या स्वभावानेच पुढे माझी फजिती केली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

माझं माहेर पेणच्या खाडीकडचं. आमच्या गावाची भातशेती खाडीच्या पातळीहूनही खाली आहे. मध्ये एक मातीचा बांध, म्हणून आम्ही भात खातो. बांधाच्या एका टोकाला गाव आणि दुसऱ्या टोकाला उघाडी, म्हणजे शेतातलं पाणी ओहोटीला खाडीत सोडायचं दार. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी बांधाच्या माथ्यापर्यंत चढतं. तेव्हा कुठे खेकड्याने बीळ पाडलंय, कुठे पाझर लागलाय, हे कुणीतरी चालत जाऊन बघायला लागतं. एक बीळ नजरेतून सुटलं तर बांध फुटतो आणि खारं पाणी शिरलं की दोन-तीन वर्षं त्या शेतात भाताचं नाव घ्यायचं नाही.

ही बांधाची फेरी गावाने घराघरांत वाटून घेतलेली आहे. ज्या घराच्या वाट्याला जे उधाण, त्या घरचं माणूस गावापासून उघाडीपर्यंत चालणार. पोचल्यावर खालचा मूठभर चिखल उचलून त्याचा गोळा उघाडीच्या भिंतीवर थापायचा. तो ओला गोळा दिसला की गाव समजतं, फेरी झाली. कुणाची सही नाही, शिक्का नाही. फेरी ज्या घराची, तो गोळा त्या घराच्या नावाचा.

वडील गेले त्यानंतर आमच्या घरची फेरी आई करत आली. शेत अर्धेलीने दुसरा कसतो, भाऊ मला नाही, मी रोह्याजवळ वरसेला. गावात आईचं म्हणून जे काही उरलं होतं ते ही फेरी. बाकी म्हातारी माणसं ओट्यावर बसलेली असतात आणि कुणी विचारत नाही. आईला मात्र उधाणाच्या आदल्या दिवशी येणारा-जाणारा विचारायचा, "काकू, उद्या तुमचं ना?" आणि आई पदर खोचत म्हणायची, "व्हय, आमचंच." त्या एका प्रश्नावर ती पुढचे कित्येक दिवस काढायची.

मागच्या वर्षी बांधाच्या बैठकीत तिची फेरी काढून घ्यायचं निघालं. ते काढलं कुणी, तर उघाडीजवळच्या वाडीत राहणाऱ्या काकांनी. हे काका वडिलांचे जिवाभावाचे मित्र. आईला वयनी म्हणतात, आई त्यांना भावजी म्हणते. माझ्या लग्नात ह्याच माणसाने मांडव घातला होता. आणि तेच भर बैठकीत उठून म्हणाले, "वयनींचं वय झालंय. त्यांची फेरी दुसऱ्या घराला द्या. बांधाशी खेळ नको." ठरवायचं पुढच्या बैठकीवर गेलं.

आईने हे मला फोनवर सांगितलं. रडली नाही, ती रडत नाही. एवढंच म्हणाली, "आता मी गावात कशाला राहू गो? तुझ्याकडं येऊन टीव्ही बघते." माझं डोकं असं फिरलं की मी कंट्रोल रूममधून उठून बाहेर गेले. काकांना मनातल्या मनात जे जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वडील असते तर काकांची हिंमत झाली असती का, हे मात्र घरी आल्यावर ह्यांना मोठ्याने विचारलं. हे बिचारे ट्रकची चाकं ब्रशने घासत बसले होते.

आणि त्या चाकांकडे बघता बघता माझ्या मनात आलं, हा ट्रक बांधावर चालेल की.

रिमोटवर चालवून उपयोग नव्हता. बांध लांब, मध्ये वळण, वळणावर तिवरांची दाट झाडी. रिमोटचा सिग्नल तेवढा जातच नाही आणि गेला तरी रिमोट धरून माणसाला मागे चालायचंच आहे, मग ट्रक कशाला? तो आपला आपण जायला हवा. वाट त्याला ठाऊक हवी, खाडीकडच्या बाजूचं चित्र कॅमेऱ्यातून फोनवर दिसायला हवं, म्हणजे आईने घरी बसून बिळं बघायची आणि फेरी तिच्याच नावावर राहायची. असं मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी ब्रश खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे माझा ट्रक गेला?"

"गेला कुठे? कामाला लागला."

ह्यांनी स्वतःच्या हाताने रिमोटच्या रिसीव्हरच्या तारा सोडवून दिल्या. चेहरा असा की एखाद्याने म्हैस विकायला काढावी. पण नंतर रोज संध्याकाळी माझ्याआधी तेच टेबलाशी बसलेले असायचे.

काम तसं समजायला सोपं होतं. रिमोटवाल्या ट्रकला दोनच गोष्टी कळतात, चाक किती वळवायचं आणि वेग किती ठेवायचा. आधी हे रिमोट सांगत होता, आता एक ऑटोपायलटचा बोर्ड सांगणार. बोर्डला जीपीएस, होकायंत्र आणि वाटेची यादी दिली की झालं. हे 'झालं' व्हायला कित्येक आठवडे गेले. होकायंत्र मोटरच्या शेजारी बसवलं तर ट्रक मोकळ्या प्लॉटवर गोल गोल फिरायला लागला. शेजारीण म्हणाली, "ताई, ह्याला कुणाची तरी नजर लागली." मग होकायंत्र आणि जीपीएस प्लास्टिकच्या पाइपवर उंच चढवलं, तेव्हा फिरणं थांबलं. नंतर तो सरळ गेला, तो थेट गटारात. साध्या जीपीएसची चूक दोन-तीन मीटरची असते आणि आमच्या बांधाचा माथा त्याहून अरुंद. म्हणजे बांधावर ट्रक खाडीतच जाणार. त्यासाठी दुसरा जीपीएस एका जागी पक्का बसवून त्याने पहिल्याची चूक सुधारायची, अशी सोय असते. तो दुसरा आम्ही आईच्या घराच्या पत्र्यावर बसवला. आईने खालून विचारलं, "डिश टीव्हीचा हाय का?"

पाण्यापासून बोर्ड वाचवायला झाकण हवं होतं. ह्यांची मावसबहीण हमरापूरला दिलेली, त्यांचा गणपतींचा कारखाना. तिच्या नवऱ्याने साच्यांसाठी ठेवलेल्या फायबरमधून एक सुरेख झाकण करून दिलं, मागे डब्यासारखी जागा सोडून, आणि न विचारताच पितांबराच्या उरलेल्या पिवळ्या रंगाचा हातही मारून टाकला. मी म्हटलं, अहो, एवढा भडक? तर म्हणाला, "खाडीत पडला तर दिसेल तरी." ट्रक तेव्हापासून पिवळा आहे.

आता त्याला वाट शिकवायची होती. बांधाच्या माथ्यावर कुठून कसं चालायचं हे नकाशावर बोट ठेवून जमत नाही. कुणीतरी जीपीएसचा डबा घेऊन चालत जायचं, डबा वाट साठवत जातो आणि पुढे ट्रक तीच वाट गिरवतो. चालणारा जिथे थांबेल तिथे ट्रकही तेवढाच वेळ थांबणार, असं मी मुद्दाम केलं होतं. आई बीळ बघायला थांबते, तिथे कॅमेऱ्यालाही बघायला वेळ मिळावा हा विचार. फक्त वाट शिकवायला मीच जाणार होते, तर आई आडवी आली.

"आपली फेरी हाय. मी नेणार."

"आई, गुडघे दुखतात ना तुझे?"

"गुडघे माझे हायत. तू जा शिफ्टला."

त्या डब्याला वर आकाश मोकळं दिसायला लागतं. आईला हे सांगितल्यावर तिने क्षणभरही विचार केला नाही. चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि त्यावर डबा. आयुष्यभर मिठाची टोपली, भाताचा भारा, पाण्याचा हंडा ह्याच डोक्याने वाहिलेला, त्यात हा डबा काय जड. कंपनीत आम्ही अशा गोष्टीला स्टँड करतो, ब्रॅकेट करतो. आईची मान त्याहून स्थिर होती. मी तिला नीट समजावलं की इथे चालू करायचं आणि उघाडीला पोचलीस की हे लाल बटण दाबायचं. ती हो म्हणाली. मी समाधानाने पेण सोडलं, गडबला थांबून चहा-वडापाव खाल्ला आणि शिफ्टला गेले.

संध्याकाळी आईचा फोन आला, "झालं गो. दाबलं बटण." डब्यातलं सगळं माझ्या फोनवर आलेलं होतंच. नकाशावर गावाची चित्रं काही उमटेनात, नुसती कोरी पाटी आणि त्यावर एक रेघ, कुठून कुठे ते कळेना. मी वाटेची लांबी बघितली. बांधाची लांबी आम्हाला लहानपणापासून पाठ, आणि आकडा जवळजवळ तंतोतंत तेवढाच. आकडा जुळला. माझ्या लेखी विषय संपला.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं बांधावर ट्रक घेऊन गेलो. गावाच्या टोकाकडून सोडला, तो माथ्यावरून असा ऐटीत निघाला की मी ह्यांचा हात धरला, लग्नानंतर इतक्या वर्षांनी, भर बांधावर. वळण येईपर्यंत आम्ही त्याच्यामागून चाललो. कुठे घसरला नाही, कुठे भरकटला नाही. तेवढ्यात भरतीचं पाणी वाढायला लागलं, बॅटरीही उतरली होती, म्हणून उचलून परत आणला. पुढचंही असंच जाणार, त्यात शंका घ्यायचं काही कारणच दिसलं नाही.

मग मी बैठकीत जाऊन बोलले. जरा जास्तच बोलले. काकांकडे बघून म्हणाले की आमची आई आहे तोवर आमची फेरी कुणी काढून घेणार नाही आणि पुढच्या उधाणाला सगळ्यांनी उघाडीवर यावं, आमच्या घरची फेरी बघायला. काका खाली बघून गुडघा चोळत राहिले. मला वाटलं, बरे गप्प बसले.

त्या दिवशी दुपारी उधाण होतं. उघाडीपर्यंत डांबरी रस्ता आहे, त्यामुळे मोटरसायकलींवरून बरंच गाव जमलं. मी फोन घेऊन उघाडीवर. हे आणि आई गावाच्या टोकाला. आईने घरून चिखलाचा गोळा करून ट्रकच्या मागच्या डब्यात ठेवला होता, तो इथे कुणीतरी थापायचा, असं ठरलेलं. काका उघाडीच्या भिंतीला टेकून बसलेले. आईने फोनवर नुसतं "सोडला" म्हटलं आणि माझ्या स्क्रीनवरचा ठिपका चालायला लागला.

कॅमेरा छान दिसत होता. पाणी, चिखल, मध्येच एक बीळ. लोक फोनवर वाकून बघत होते. एकाने विचारलं, "ह्यात भात लावायचं पण येईल का?" मला त्या दिवशी असल्या चेष्टाही गोड लागत होत्या. ठिपका वळणाशी आला, तिवरांच्या आड गेला आणि मध्यावर थांबला.

"बीळ बघत असेल," मी म्हणाले.

थांबला तो थांबलाच. कॅमेऱ्यात नुसती बांधाची उतरण आणि त्यापलीकडे पाणी. पाझर नाही, बीळ नाही. मी ह्यांना फोन लावला, बॅटरी नीट लावली होती का विचारलं, आवाज चढवून विचारलं. हे म्हणाले लावली होती. लोकांत कुजबूज सुरू झाली. एवढ्यात ठिपका हलला. मी हुश्श केलं. मग नीट बघितलं, तर तो उलटा चालला होता. गावाकडे.

"सासरी नाय येत तो, माहेरी चालला," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. माझ्या कानांतून वाफा निघायला लागल्या. बोर्ड बिघडला, होकायंत्र बिघडलं, मीच बिघडले, काय झालं तेच कळेना. मी बांधावर चढले, जाऊन त्याला अडवते म्हणून निघाले.

"थांब गो," काका म्हणाले. "नको जाऊस."

मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. तुमच्या मनासारखं झालं ना, असं काहीतरी बोलून चालायला लागले. थोडी पुढे गेले, तर तिवरांच्या वळणावरून आई येताना दिसली. ट्रकच्या मागोमाग निघालेली असणार. तो तिच्याजवळून परत गेला आणि ही तशीच पुढे चालत आली. एक हात कमरेवर, एका हातात चपला. मी धावत जाऊन तिचा दंड धरला. श्वास लागला होता तिला. म्हणाली, "तिकडं चल. माणसं जमलीत ना तिकडं?"

उघाडीपर्यंत आम्ही दोघी पाऊल पाऊल करत सावकाश गेलो. कुणी हसत नव्हतं. आई भिंतीला हात टेकून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्याची काय चूक नाय. मी जेवढा शिकवला तेवढाच तो चालला."

मला अजूनही उलगडा होईना. "म्हणजे?"

"मी अर्ध्यातनं परतते गो. मागल्या वर्षापास्नं. पुढचं माझ्यानं होत नाय."

"मग इथला गोळा?"

आईने काकांकडे बघितलं. काका जमिनीकडे बघत होते.

"पुढचं भावजी चालतात," आई म्हणाली. "हिकडनं ते येतात, तिकडनं मी. मधे गाठ पडते. जरा बसतो, मी भाकरी नेलेली असते ती खातो. मग मी माघारी, ते माघारी. गोळा ते थापतात, आमच्या घरच्या नावाचा."

आता सगळं एकदम लख्ख दिसायला लागलं. ट्रक मध्यावर थांबला तो ह्या दोघांची भाकरी खाऊन होईपर्यंत थांबला होता. आणि अर्धा बांध जाऊन अर्धा बांध परत, म्हणजे लांबी पुऱ्या बांधाएवढीच. लाल बटण आईने उघाडीला नाही, घरी येऊन दाबलेलं. माझा जुळलेला आकडा तो हा. अर्धीच वाट शिकवली हे आईने मला का सांगितलं नाही, ते मी तिला तिथेच विचारलं. ती म्हणाली, "मला वाटलं, अर्धी दावली की पुढची तो आपली आपण जाईल. तूच सांगितलंस ना, आपली आपण चालणारी गाडी."

पण माझी नजर काकांवरून हलत नव्हती. त्यांची स्वतःची फेरी होतीच, त्यात आईची अर्धी. मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर खाली बसले. "मग तुम्हीच का हो म्हणालात, फेरी काढून घ्या?"

त्यांनी लेंगा गुडघ्यावरून वर केला. गुडघा सुजून भोपळा झालेला. "हा गेला कामातनं," ते म्हणाले. "माझी माझीच कशीबशी होते. वयनींची अर्धी आता कुणी चालणार नाय आणि बांध तर उघडा टाकता येत नाय. खरं सांगितलं असतं तर गावानं वयनींना नावं ठेवली असती. म्हणून म्हटलं, वयावर टाकू. वयाला कुणी नावं ठेवत नाय."

मला इतकं रडू आलं की मी तिथेच, त्या सगळ्या मोटरसायकलवाल्यांसमोर, त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. इतके दिवस ज्याला शिव्या घातल्या, तो वर्षभर माझ्या आईच्या वाटणीचं चालत होता. ते म्हणाले, "उठ गो, चिखल हाय तिथं."

शेवटी आईच बोलली, तिला उन्हात उभं राहवत नव्हतं. "एवढं काय तोंडं पाडून बसलाव सगळी? त्याला भावजींकडचं अर्धं शिकव. माझं मी चालते." गावात कुरकुर झाली, अर्धं माणूस आणि अर्धं यंत्र ही कसली फेरी, असं दोघंतिघं म्हणाले. पण ज्याने मघाशी माहेरची चेष्टा केली होती, तोच म्हणाला, "अर्धं काकू आणि अर्धं काका चालले ते चाललंच की वर्षभर. बांध फुटला का?" फेरी आईकडेच राहिली.

दुसरी अर्धी वाट मी चालले. चुंबळीवर डबा ठेवून. पहिल्या दहा पावलांत डबा दोनदा पडता पडता वाचला आणि आई मागून हसून हसून खोकायला लागली. "कंपनीत काय शिकवतात गो तुम्हाला?" उघाडीपासून मध्यापर्यंत, मग परत. ह्या वेळी आकडा जुळला तरी मी सही केली नाही. वाट टोकापासून टोकापर्यंत पुन्हा चालून बघितली. मध्यावर ट्रकने किती वेळ थांबायचं ते मात्र ठरवलं नाही. तिथे आईने बटण दाबलं की परत फिरायचं, एवढंच सांगून ठेवलं. किती वेळ बसायचं ते तिचं तिने बघावं.

मग आमच्या घरची फेरी आली. मी आणि हे उघाडीवर होतो. काकांच्या सुनेने त्यांना प्लास्टिकची खुर्ची आणून दिली होती, त्यात ते टोपी घालून बसलेले. आई गावाकडून निघाली. ट्रक रिकामा निघाला आणि तिवरांच्या आड गेला. ठिपका मध्यावर जाऊन थांबला. आम्ही वाट बघत राहिलो. बराच वेळ झाला तरी तो हलेना. मी फोन लावायला घेतला.

"नको लावूस," काका म्हणाले. "बसली असल. भाकरी खात असल."

काही वेळाने ठिपका निघाला. वळणावर आधी पाइप दिसला, मग तो पिवळा रंग. डुलत डुलत येऊन तो काकांच्या खुर्चीपुढे थांबला. ह्यांनी मागच्या डब्याचं झाकण उघडलं. आत फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी होती. आणि तिच्याशेजारी केळीच्या पानावर चिखलाचे दोन गोळे होते, आईच्या बोटांचे ठसे उमटलेले.

फेरी एक, तर गोळा एक. असंच असतं. मी आईला फोन लावला. ती चालत होती, श्वासाचा आवाज येत होता.

"आई, दोन गोळे का गं?"

"एक आपल्या घरचा," ती म्हणाली. "आन एक भावजींचा. वर्षभर चालले ते आन गोळा थापला माझ्या नावाचा. त्यांच्या चालण्याचा राहिलाच की."

फोन स्पीकरवर होता. काकांनी ऐकलं. ते खुर्चीचा हात धरून उठले, ह्यांनी आधार द्यायला हात पुढे केला तो बाजूला सारला. आधी आईच्या घरचा गोळा भिंतीवर थापला, नेहमीसारखा, सवयीने. मग दुसरा उचलला. तो पहिल्याच्या शेजारी लावला आणि त्यावर तळवा दाबून धरला, आणि तो काही लवकर काढेनात.

"काका, बसता का?" मी विचारलं.

"बसतो," ते म्हणाले. "आधी हातावर पाणी घाल. भाकरी खायची हाय."